मोसम संपला, धडा कुठे ठेवायचा?

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

मुकादम, सुपरवायझर, शाखाधिकारी यांना कसं तयार करावं, म्हणजे कामाची जागा वर्षागणिक शहाणी होत जाईल, याविषयी रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातून आलेली आठ पत्रं या वेळी घेतली आहेत. पत्रं थोडी आखडती केली आहेत, नावं गाळली आहेत. जवळपास सगळ्यांचं दुखणं एकच आहे. इथला धंदा मोसमी आणि माणसंही मोसमी. कोणी गणपतीनंतर मुंबईला जातो, कोणी पावसाच्या तोंडावर आपल्या मुलखाला परततो, आणि मोसमात कमावलेलं शहाणपण त्यांच्याबरोबर निघून जातं. उत्तरं देताना हीच गोष्ट समोर ठेवली आहे.

आमचं आंब्याचा पल्प डबाबंद करण्याचं युनिट आहे. एप्रिल-मे मिळून पन्नास-साठ दिवसांचं काम. गेल्या नोव्हेंबरात तीन सुपरवायझरना पुण्याला दोन दिवसांच्या नेतृत्व-प्रशिक्षणाला पाठवलं. फाइल आणि प्रमाणपत्र घेऊन आले. मोसमात मात्र आदल्या वर्षीचीच चूक झाली, डबे फुगले. पैसे वाया गेले का? (युनिटमालक, रत्नागिरी)

बहुतेक गेले, पण त्यात त्या तिघांचा दोष नाही. नोव्हेंबरात तुमचा कारखाना बंद असतो. तिथे शिकलेलं वापरायची पहिली संधी त्यांना पाच महिन्यांनी मिळाली. न वापरलेलं ज्ञान पहिल्या काही दिवसांतच भराभर ओसरतं, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच स्वतःवर प्रयोग करून दाखवलं होतं. दुसरं म्हणजे, ते पुण्याला गेले तेव्हा त्यांच्या खिशात प्रश्न नव्हता. ‘जाऊन या’ एवढंच सांगितलं असेल, तर माणूस जाऊन येतो.

उलट बाजूने सुरुवात करा. आधी एक नुकसान निवडा. तुमच्या बाबतीत ते निवडलेलंच आहे: फुगलेले डबे. आता त्या तिघांना समोर बसवून ‘का’ विचारत खाली उतरा. डबे का फुगले? झाकणाच्या शिवणीतून गळती होती. शिवण का सैल? सीमिंग मशीनचे, म्हणजे डब्याला झाकण दाबून बसवणाऱ्या यंत्राचे, रोलर नीट लागले नव्हते. का? साडेआठशे ग्रॅमच्या डब्यावरून ३.१ किलोच्या डब्यावर जाताना चक आणि रोलर बदलले, पण त्यानंतरचे पहिले डबे कापून शिवण तपासली नाही. का? तपासायचं कसं हे फक्त फिटरला माहीत, आणि तो त्या रात्री नव्हता. फक्त त्यालाच का माहीत? कारण ते कुठे लिहिलेलंच नाही. तुमच्याकडची साखळी वेगळीही निघेल. भरताना पल्प पुरेसा गरम नसणं किंवा डबे थंड करायचं पाणी अस्वच्छ असणं ही फुगण्याची तितकीच नेहमीची कारणं आहेत. म्हणून मनाने उत्तर न ठरवता फुगलेला डबा समोर ठेवूनच विचारा.

या पद्धतीत हमखास एक गोष्ट बिघडते. तिसऱ्या ‘का’ला कोणीतरी म्हणतं, ‘निष्काळजीपणा, दुसरं काय!’ आणि सगळे माना हलवतात. एक नियमच करा: उत्तरात माणसाचं नाव किंवा ‘लक्ष दिलं नाही’ असं आलं, की आणखी एकदा ‘का’ विचारायचं. लक्ष का गेलं नाही? सलग चौदावा तास होता म्हणून? उजेड कमी होता म्हणून? खरं कारण बहुधा त्याच्या पुढच्या पायरीवर सापडतं.

प्रशिक्षण मग कारखान्यातच घ्या. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत नवख्या कामगारांना झपाट्याने तयार करायचं होतं, तेव्हा सुपरवायझरसाठी दहा तासांचा एक कार्यक्रम बांधला गेला: दोन-दोन तासांच्या पाच बैठका, एका गटात साधारण दहा जण, आणि प्रत्येकाने आपल्याच खात्यातलं काम शिकवून दाखवायचं. ते माप इथेही नीट बसतं. फेब्रुवारीच्या मध्यापासून दर आठवड्याला एक बैठक ठेवलीत, तर मार्चअखेरीपर्यंत पाच होतात आणि लगेच मोसम लागतो.

पहिल्या बैठकीत गेल्या वर्षीचं नुकसान आणि त्याची साखळी. दुसरीत त्या साखळीतलं एक काम, समजा डब्याचं माप बदलणं, पायऱ्यांत मोडून कागदावर उतरवायचं. तिसरीत एकाने ते दुसऱ्याला शिकवायचं आणि बाकीच्यांनी कुठे अडलं ते टिपायचं. चौथी पाळी बदलतानाच्या दहा मिनिटांच्या बैठकीचा सराव. पाचवीत खरी चाचणी: डब्यांत पाणी भरून मशीन चालवायचं, आणि माप बदलायचं काम फिटर सोडून दुसऱ्याने करायचं. फिटर बाजूला हाताची घडी घालून उभा. त्याला हे अवघड जाईल, पण कागदावर काय लिहायचं राहिलं आहे ते नेमकं याच वेळी कळतं.

आता तुमचा स्वतःचा भाग, आणि तो टाळला तर बाकी सगळं फुकट. पहिल्या बैठकीला अर्धा तास बसा. मोसमात आठवड्यातून एकदा चाळीस मिनिटं द्या. आणि शेवटचा ट्रक उतरल्यावर, कामगारांचा हिशेब चुकता करण्याआधी, तीन तासांची आढावा-बैठक घ्या. जूनमध्ये ती घेऊन उपयोग नाही, तोवर निम्मे लोक गावी पोचलेले असतात. अमेरिकी लष्करात मोहिमेनंतरच्या आढाव्याला चार प्रश्न विचारतात: काय व्हायचं ठरलं होतं, प्रत्यक्षात काय झालं, फरक का पडला, पुढच्या वेळी काय करायचं. तेवढे पुरे आहेत. पहिल्यांदा मशीनवरच्या माणसाने बोलायचं, मालकाने सगळ्यात शेवटी. मालक आधी बोलला, की पुढचे सगळे त्याच्याच वाक्याला जोड देतात. निघालेला प्रत्येक धडा एका पानावर लिहा, खाली कोणी आणि कोणत्या तारखेपर्यंत करायचं ते लिहा, आणि ती पानं फेब्रुवारीतल्या पहिल्या बैठकीत टेबलावर येतील अशी व्यवस्था आत्ताच करून ठेवा.

आमच्या काजू कारखान्यात तीस बायका आहेत. चार-पाच जुन्याजाणत्यांच्या हातून गर अख्खा निघतो, नव्या मुलींकडे तुकडा फार. जुन्यांना शिकवा म्हटलं की उत्तर येतं, ‘बघून बघून येतला.’ मुकादमबाई म्हणतात, ‘गेली वीस वर्षां आमी असाच करतव.’ त्या मुद्दाम शिकवत नाहीत का? (कारखाना व्यवस्थापक, वेंगुर्ले तालुका)

संशय घेण्याआधी मजुरी कशी देता ते बघा. बी फोडण्याची मजुरी किलोवर असेल, तर नव्या मुलीजवळ घालवलेला प्रत्येक तास त्या बाईच्या पदरचा जातो. तिने का शिकवावं? शिकवण्याच्या तासांना तिच्या गेल्या महिन्याच्या सरासरी कमाईच्या दराने पैसे द्या. एवढ्याने अर्धी तक्रार मिटते.

उरलेली अर्धी अशी, की तिला सांगता येत नाही. हाताला कळतं ते तोंडाला माहीत नसतं. ते बाहेर काढणं हेच मुकादमबाईंचं काम, आणि त्यासाठी त्यांना एक साधन द्यावं लागतं. कागदावर तीन रकाने आखा: पायरी, खुबी, कारण. सगळ्यांत कुशल बाईचं काम शेजारी बसून बघा आणि दर पायरीला विचारा, ‘इथे काय केलं नाहीस तर गर मोडेल?’ हातापायाने चालवायच्या फोडणीयंत्राचा तक्ता साधारण असा निघेल.

वाफवलेली बी घेणं. खुबी, रात्रभर पुरती निवलेली हवी. कारण, गरम असताना गर टरफलाला धरून राहतो आणि ओढताना मोडतो. हाताला तेल लावणं. खुबी, नखांच्या कडांनाही. कारण, टरफलातल्या चिकाने कातडी भाजते, आणि भाजलेली बोटं मग बी घाईने पकडतात. बी पात्यात धरणं. खुबी, बीचा बाक पात्याच्या बाकात बसवायचा. कारण, आडवी बसली तर पातं गरात शिरतं. पेडल दाबणं, खुबी, एकच संथ दाब, हिसका नाही. हाताच्या दांडीने टरफल उकलणं आणि गर काढणं; खुबी, मोडलेला गर त्याच क्षणी वेगळ्या ताटलीत टाकायचा.

या शेवटच्या खुबीला मोठं मोल आहे, कारण ती ताटली मुकादमबाईंचं पुस्तक आहे. मोडलेल्या गरावर पात्याची सरळ चीर दिसली, तर बी चुकीची धरली किंवा पात्यातलं अंतर त्या आकाराच्या बीला लावलेलं नव्हतं. गराचा लचका टरफलाला चिकटून राहिला असेल, तर वाफ किंवा निवणं चुकलं. म्हणजे तो दोष त्या मुलीचा नाही, आदल्या संध्याकाळच्या बॉयलरवाल्याचा आहे. एकाच टोपलीत लहानमोठी बी मिसळून आली असेल, तर दोष प्रतवारीचा. आजवर हे सगळं ‘नव्या मुलींचा हात बसला नाही’ या एका वाक्याखाली गाडलं जात होतं. मुकादमबाईंना हे वाचायला आलं, की त्या मुलीला रागावण्याऐवजी बॉयलरकडे चालत जातील. तुम्हाला हवा असलेला बदल तो हाच.

शिकवण्याच्या पायऱ्या चार. आधी मुलीला स्वस्थ करा आणि तिला काय येतं ते विचारा. मग काम तीनदा करून दाखवा: पहिल्यांदा नुसत्या पायऱ्या, दुसऱ्यांदा खुबी सांगत, तिसऱ्यांदा कारणं सांगत. मग तिच्याकडून करून घ्या, आणि करता करता खुबी नि कारण तिच्या तोंडून वदवा. शेवटी तिला एकटीला सोडा, पण कोणाला विचारायचं ते नाव सांगून. पहिल्या दिवशी तासातासाला बघा, तिसऱ्या दिवसापासून पाळीतून दोनदा. ‘समजलं ना?’ हा प्रश्न वर्ज्य करा. त्याला ‘हो’ याखेरीज उत्तर येत नाही. एका बैठकीत पाच-सहा खुब्यांच्या वर जाऊ नका.

भिंतीवर आणखी एक तक्ता लावा. उभ्या ओळीत नावं, आडव्या ओळीत कामं: वाफवणं, फोडणं, भट्टीत सुकवणं, सोलणं, प्रतवारी, पॅकिंग. प्रत्येक चौकटीत एक वर्तुळ. पाव भरलं म्हणजे बघितलंय, अर्धं म्हणजे मदतीने येतं, पाऊण म्हणजे एकटीला येतं, पूर्ण म्हणजे दुसरीला शिकवता येतं. ज्या कामाखाली एकच पूर्ण वर्तुळ आहे, तिथे तुमचा कारखाना एका माणसाच्या तापावर अवलंबून आहे. पुढचं शिकवणं तिथून सुरू करा. पूर्ण वर्तुळ वाढलं की रोजात थोडी वाढ द्या, आणि ती किती देणार हे आधी जाहीर करा.

तारकर्लीला आमचं निवास-न्याहारी केंद्र आहे, सगळे मिळून बारा माणसं. एवढ्याशा धंद्याला हे प्रशिक्षण वगैरे लागतं का? (केंद्रचालक, मालवण तालुका)

वर्ग लागत नाही, वही लागते. पाहुणे निजल्यावर दहा मिनिटं स्वयंपाकघरात उभ्याउभ्याच बोला: आज पाहुण्यांनी दोनदा काय विचारलं, आज काय कमी पडलं. एकेक ओळ लिहा. महिनाअखेरीला ज्या ओळी तीनदा आल्या त्यांचाच बंदोबस्त करा, बाकीच्या सोडून द्या. एकच खोली दोघांना दिली गेली, असं दुसऱ्यांदा झालं असेल तर बुकिंग घेणारे फोन किती आहेत ते मोजा. दोन असतील तर एक करा. वही मालकाने लिहू नये. आळीपाळीने सगळ्यांनी लिहावी, स्वयंपाकाच्या मावशींनी सांगावी आणि कोणी उतरवून घ्यावी.

मी मासळी-प्रक्रिया कारखान्यात पाळीप्रमुख आहे. लॉगबुक बघितलं तर सगळं बरोबर, माल मात्र तक्रार घेऊन परत येतो. लोक चुका लपवतात. शिक्षा कडक केली, तर आणखी लपवतात. (पाळीप्रमुख, रत्नागिरी)

आधी ते लॉगबुक उघडा. कोल्ड स्टोअरच्या रकान्यात चोवीस नोंदी, चोवीसही उणे १८ अंश, एकाच पेनाने, एकाच हाताच्या ओघात? खऱ्या कोल्ड स्टोअरचा आकडा असा थिजलेला नसतो. दार उघडलं, माल आत आला, डीफ्रॉस्ट झालं, की तो वरखाली होतो. त्या पानावर तापमान नोंदलेलंच नाही, भीती नोंदली आहे. ती कुठून आली याचं उत्तर तुमच्या शेवटच्या वाक्यात आहे.

चुका कमी नोंदल्या गेल्या म्हणजे चुका कमी झाल्या, असं नसतं. एमी एडमंडसन या संशोधिकेने अमेरिकेतल्या रुग्णालयांत औषध देण्यातल्या चुकांचा अभ्यास केला. चांगलं संघकाम असलेल्या वॉर्डांत चुकांची नोंद जास्त दिसली. पुढे उलगडलं ते असं, की तिथे लोक चूक मोकळेपणाने सांगत होते. बोललं तर आपली फजिती होणार नाही, हा विश्वास गटात असणं, याला त्यांनी १९९९ मधल्या शोधनिबंधात मानसिक सुरक्षितता म्हटलं. मोठा शब्द वाटला तरी तो ठरतो अगदी छोट्या वेळात. मुलगी येऊन सांगते, ‘साहेब, बर्फ संपला होता, वीस मिनिटं कोळंबी तशीच राहिली,’ तिथपासून पुढची तीस सेकंदं. त्या वेळी तुमच्या तोंडून ‘कोणी केलं?’ निघालं, की वर्षभराचं प्रशिक्षण पाण्यात. ‘बरं झालं सांगितलंस. माल कुठे आहे? किती क्रेट? ते वेगळे ठेवू,’ असं निघालं, तर पुढची मुलगी पाच मिनिटं आधी येईल. ही वाक्यं सोपी दिसतात, पण अंगवळणी नसतात. पाळीप्रमुखांनी जोडी करून ती मोठ्याने म्हणून सराव करावा, एकाने मुलगी व्हावं, एकाने प्रमुख.

शिक्षा पूर्ण बंद करा असा याचा अर्थ नाही. तीन गोष्टी वेगळ्या करा. माहीत नव्हतं म्हणून चुकलं, तर शिकवा. माहीत होतं पण व्यवस्थाच तशी होती, म्हणजे बर्फाची गाडी उशिरा आली किंवा एका थर्मामीटरवर तीन टेबलं होती, तर व्यवस्था बदला. माहीत होतं, साधन होतं, तरी मुद्दाम टाळलं किंवा खोटी नोंद केली, तर कारवाई करा आणि का केली ते सांगा. तिसऱ्या प्रकाराला मोकळं सोडलंत, तर इमानाने काम करणाऱ्यांचं मन उडतं. मात्र आज सरसकट कारवाई सुरू करू नका. आधी जाहीर करा, की अमुक तारखेपासून खरा आकडा लिहायचा आणि त्याआधीच्या पानांबद्दल कोणाला विचारणार नाही. त्यानंतर पहिला ‘उणे १५’ दिसेल, तेव्हा लिहिणाऱ्याचे सगळ्यांसमोर आभार माना आणि त्याच तासात दाराचं रबर बघायला माणूस पाठवा. आभार मानून दार तसंच ठेवलंत, तर परत उणे १८ सुरू.

तक्रारपेटी लावायचा विचार असेल तर थांबा. पेट्या रिकाम्या राहतात, कारण चिठ्ठी टाकणाऱ्याला पुढे काय झालं ते कळत नाही. त्यापेक्षा फळा लावा: डावीकडे अडचण, मध्ये कोण बघतोय, उजवीकडे काय ठरलं. दोन दिवसांत उजवा रकाना भरलाच पाहिजे, ‘जमणार नाही, कारण अमुक’ असं असलं तरी चालेल. तुमच्याकडे दुसऱ्या राज्यांतून आलेल्या मुली असतील, तर फळ्यावर चित्रं वापरा, आणि सूचना दिल्यावर ती त्यांना आपल्या भाषेत शेजारणीला सांगायला लावा. दोघींचे हात सारखे चालले, तर सूचना पोचली.

आमची पतसंस्था चिपळूणच्या बाजारपेठेजवळ आहे. २००५ च्या पुरानंतर ठरलं होतं, की पावसाळ्यात दप्तर वरच्या मजल्यावर न्यायचं. काही वर्षं नेलं. मग हळूहळू बंद पडलं. २२ जुलै २०२१ ला सगळं भिजलं. आता पुन्हा वर ठेवतो. आम्हाला भीती वाटते, की हेही विसरलं जाईल. (शाखाधिकारी, चिपळूण)

तुमची भीती खरी आहे, आणि ती आत्ताच वाटते आहे ही मोलाची गोष्ट आहे. संस्था कशा शिकतात याचे अभ्यासक क्रिस आर्गिरिस आणि डोनाल्ड शॉन यांनी १९७० च्या दशकात एक भेद मांडला. चूक झाली, ती दुरुस्त केली, हे शिकण्याचं पहिलं वळण. ती चूक होऊ देणारा आपला नियम, आपलं गृहीतक तपासलं, हे दुसरं. दप्तर पुन्हा वर नेलंत, हे पहिलं वळण झालं. दुसऱ्या वळणाचा प्रश्न असा, की ते खाली कोणी आणलं?

कोणी एकाने नाही. रोज जिना चढून फाइल आणणं हा त्रास होता. नियम लिहिलेला असेल, पण कारण लिहिलेलं नव्हतं. ते पाणी पाहिलेली माणसं बदलीने, निवृत्तीने गेली, आणि नव्या माणसाला जिना दिसत होता, वाशिष्ठी नदी दिसत नव्हती. कोरड्या गेलेल्या प्रत्येक पावसाळ्याने त्याला सांगितलं, की हा नियम उगाच आहे. विसरणं ही आळसाची गोष्ट नव्हे, ते असं पावलापावलाने आणि शहाण्या माणसांकडूनच घडतं. म्हणून धडा माणसाच्या आठवणीत न ठेवता तारखेत, भिंतीत आणि कामाच्या रचनेत बसवावा लागतो.

तारखेत बसवण्याचं उदाहरण तुमच्या शेजारूनच धावतं. कोकण रेल्वेवर २२ जून २००३ ला वैभववाडीजवळ आणि १६ जून २००४ ला करंजाडीजवळ रुळांवर आलेल्या दगडांमुळे मोठे अपघात झाले, माणसं गेली. आज तिथे पावसाळ्याचं वेळापत्रकच वेगळं असतं, गाड्या सावकाश धावतात, दरडीच्या जागी गस्त असते, डोंगराला जाळ्या आहेत, आणि मुसळधार पावसात पुढचं नीट दिसेनासं झालं तर वेग ताशी ४० किलोमीटरवर आणायची चालकांना सूचना असते. नव्याने लागलेल्या चालकाला २००३ आठवावं लागत नाही. वेळापत्रक त्याच्या वतीने आठवतं.

तुमच्याकडे हे असं करता येईल. मे महिन्याचा शेवटचा शनिवार दप्तर हलवण्याचा दिवस म्हणून वार्षिक कामांच्या यादीत घाला, आणि ‘झालं’ ही नोंद जूनच्या संचालक-सभेच्या विषयपत्रिकेवर कायमचा विषय म्हणून ठेवा. २००५ आणि २०२१ चं पाणी भिंतीवर जिथवर चढलं होतं तिथे रंगाने रेघा ओढा, वर्ष लिहा. त्या पुसल्या जाणार नाहीत हे पुढच्या रंगकामाच्या कंत्राटातच लिहून टाका. नियमाच्या शेजारी त्याचं कारण तीन ओळींत लिहा: काय घडलं, किती दप्तर गेलं, सावरायला किती महिने लागले. नियम बदलायचा असेल तर बदलणाऱ्याने ते कारण वाचून सही करावी. वर्षातून एकदा तालीम करा: सकाळी दहा वाजता पाणी येतंय असं समजा आणि तिजोरीतली कागदपत्रं, सर्व्हर, सोनंतारणाच्या पिशव्या वर जायला किती मिनिटं लागतात ते घड्याळ लावून मोजा. पहिल्या तालमीत जिन्याची किल्ली कोणाकडे आहे इथेच बराच वेळ जातो.

आणि मूळ प्रश्नही विचारा: ही मूळ कागदपत्रं तळमजल्यावर लागतात तरी कशाला? रोज लागतात त्या दहा-वीस फाइलींची स्कॅन प्रत खाली आणि मूळ कायम वर, अशी रचना केली, तर जिना चढायचा त्रास उरत नाही. नियम टिकवायचा उत्तम मार्ग म्हणजे तो मोडण्याचं कारणच काढून टाकणं.

शाखाधिकाऱ्यांचं प्रशिक्षण याच धाग्याने करा. निवृत्त होणाऱ्याला ‘तुम्हाला माहीत असलेलं सगळं लिहून द्या’ म्हटलं, तर तो दोन पानं लिहितो आणि त्यातलं सगळं परिपत्रकात आधीच असतं. सहा आठवडे आधीपासून आठवड्यातून एक तास नव्याला त्याच्यासमोर बसवा आणि घटना विचारायला लावा. सगळ्यात अडचणीचं कर्जप्रकरण कोणतं, पहिल्यांदा शंका कधी आली, कशावरून? मार्चअखेरीला दरवर्षी काय अडतं? कोणता नियम कागदावर आहे, पण पाळला तर काम थांबतं? शेवटचा प्रश्न चौथ्या बैठकीआधी विचारू नका. खरं उत्तर मिळायला तेवढी ओळख लागते.

आम्ही सगळे धडे व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतो. वेगळी वही कशाला? (तरुण उद्योजक, दापोली)

ग्रुप निरोपाला उत्तम, स्मरणाला निरुपयोगी. गेल्या वर्षी पंप बिघडल्यावर काय केलं होतं ते आत्ता ग्रुपवर शोधून बघा, शुभ सकाळ आणि वाढदिवसांतून वाट काढत. मोबाइल बदलला, माणूस ग्रुप सोडून गेला, की तेही नाही. चर्चा ग्रुपवर करा, पण ठरलेली गोष्ट त्याच दिवशी त्या मशीनशेजारच्या वहीत एका माणसाने उतरवायची. त्या माणसाचं नाव वहीवर लिहा.

मी लोटे-परशुराम औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मनुष्यबळ विभागात आहे. मुख्यालयाला दर माणशी प्रशिक्षणाचे तास हवे असतात. आम्ही ते पुरे करतो. पण शिकणं मोजायचं कसं? (अधिकारी, खेड तालुका)

तासांवरून माणसं खुर्चीत किती बसली ते कळतं. अमेरिकी प्रशिक्षणतज्ज्ञ डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये प्रशिक्षण चार पातळ्यांवर तपासायला सांगितलं: आवडलं का, कळलं का, वागण्यात उतरलं का, कामावर परिणाम झाला का. आपल्याकडे पहिल्या पातळीचा अभिप्राय-फॉर्म भरून घेतात आणि तिथेच गाडी थांबते. तिसरी पातळी गाठायची असेल तर प्रशिक्षणानंतर तीसाव्या दिवशी त्या माणसाच्या पाळीत जाऊन उभे राहा. वर्क परमिट (जोखमीच्या कामाचा लेखी परवाना) सही करण्याआधी तो प्रत्यक्ष जागेवर जातो का, पाळी सोपवताना अपुरं राहिलेलं काम तोंडाने सांगून भागवतो की पुढच्या माणसाला लाइनपाशी नेऊन दाखवतो, तेवढं बघा.

मुख्यालयाला तास पाठवत राहा, पण स्वतःसाठी तीन आकडे ठेवा. त्याच कारणाने दुसऱ्यांदा झालेले बिघाड किती. एकाच माणसाला येणारी कामं किती. आणि कामगाराने अडचण किंवा थोडक्यात टळलेला अपघात नोंदवल्यापासून पहिली कृती होईपर्यंत दिवस किती. तिसरा आकडा मोठा असेल, तर पहिला कधीच खाली येणार नाही. हे आकडे बोनसला मात्र जोडू नका. जोडलेत की नोंदी कमी होतात, बिघाड नाही.

माझे दोन ट्रॉलर आहेत. मासेमारी बंदीच्या दोन महिन्यांत तांडेल (बोटीचा प्रमुख) आणि खलाशांना काही शिकवावं असं मनात आहे. कसं करू? (ट्रॉलरमालक, हर्णै)

१ जून ते ३१ जुलै ही बंदी कागदावर सोयीची दिसते, पण त्या काळात बंदरात कोण असतं? खलाशी गावी, तांडेल शेतीत. म्हणून दोन टोकं पकडा. मेच्या शेवटच्या आठवड्यात, बोटी वर ओढायच्या आधी, दोन्ही तांडेलांना एकत्र बसवा. जाळं कुठे आणि कशात अडकून फाटलं, इंजिन कोणत्या फेरीत बंद पडलं, बर्फ कितव्या दिवशी संपला, हे दोघांनी एकमेकांना सांगायचं. तांडेल मालकाला सांगणार नाही ते दुसऱ्या तांडेलाला सांगतो, तेव्हा तुम्ही मधे कमी बोला. जाळं अडकलेल्या जागा जीपीएसवर दोन्ही बोटींत त्याच बैठकीत भरून घ्या.

मग जुलैच्या शेवटच्या आठवड्यात खलाशी परत आले, की बोट पाण्यात उतरण्याआधी एक सकाळ राखून ठेवा. लाइफ जॅकेट प्रत्येकाने घालून दाखवायचं, अग्निशामक कुठे आहे तिथे जाऊन हात लावायचा, व्हीएचएफवरून (बोटीवरच्या रेडिओवरून) मदत कशी मागायची ते नव्या खलाशानेही एकदा बोलून दाखवायचं, कारण तांडेलच पाण्यात पडला तर बोलणार कोण? इंजिनाचं तेल-पाणी तपासणं ड्रायव्हरखेरीज आणखी एकाला शिकवा. मेमध्ये लिहिलेलं पान याच सकाळी मोठ्याने वाचा, आणि त्यातलं जे काम अजून झालेलं नाही ते झाल्याशिवाय डिझेल भरू नका.